वाट चुकलेल्या समुद्रपक्ष्याची जागा लगेच सांगावी की लपवावी?

पाणकाठ: मागच्या बुधवारी, दोन दिवसांच्या झडीनंतर, उमरेड रस्त्याच्या आतल्या एका गावतलावात रोवलेल्या बांबूवर काळ्या पाठीचा आणि पांढऱ्या पोटाचा सुरय (इंग्रजीत टर्न, पाण्यावर उडणारा पक्षी) बसलेला दिसला. आपला नदी सुरय राखाडी पाठीचा आणि पिवळ्या चोचीचा असतो. याची चोच काळी होती. माझ्या मते तो सूटी टर्न होता. हा पक्षी भर समुद्रावर राहतो, लक्षद्वीपच्या पिट्टी बेटावर त्याची वीण होते आणि नागपूरपासून जवळचा किनाराही पाचशे किलोमीटरहून दूर आहे. पक्षी दमलेला दिसला, म्हणून मी जागा कोणालाही सांगितली नाही. शनिवारी तो तेथे नव्हता. माझे काही चुकले असे मला वाटत नाही.

शंकेखोर: चुकले, आणि ते पक्ष्याच्या बाबतीत नव्हे, नोंदीच्या बाबतीत. सूटी आणि ब्रायडल्ड हे दोन्ही टर्न वादळी वाऱ्याबरोबर जमिनीवर येतात आणि दुरून जवळजवळ सारखेच दिसतात. सूटीच्या कपाळावरचा पांढरा पट्टा डोळ्यापाशी थांबतो, ब्रायडल्डचा डोळ्याच्या मागे जातो, आणि ब्रायडल्डच्या काळ्या टोपीत व तपकिरी पाठीत फिकट मान दिसते. आपण यातले काय पाहिले, हे तपासायला आता दुसरा साक्षीदारच उरलेला नाही.

एकट्याच्या शब्दावर विसंबण्याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षी-संग्राहकाने संग्रहालयातून चोरलेल्या रानपिंगळ्याच्या (एका दुर्मीळ लहान घुबडाच्या) नमुन्याला नवे रूप देऊन, तो आपण 1914 मध्ये गुजरातेत मांडवी येथे मिळवला अशी चिठ्ठी लावली. खरा शेवटचा नमुना 1884 मधला होता. ती लबाडी उघडकीस आल्यावर पक्षिशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर जाऊन नोव्हेंबर 1997 मध्ये महाराष्ट्रातल्या शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा शोधला. आपल्यावर लबाडीचा आरोप नाही. पण प्रामाणिक माणसाची नोंदही तपासता आली पाहिजे.

रानवाट: उदाहरण भारदस्त आहे, पण येथे गैरलागू आहे. माइनर्ट्झहागेनला खोटी नोंद खपवायची होती. पाणकाठ यांना पक्षी वाचवायचा होता. जागा कळल्यावर काय होते ते मी पाहिले आहे: पहिले दहा जण दुर्बीण घेऊन येतात, पुढचे तीस मोठी लेन्स घेऊन येतात, आणि त्यातला एक जण पक्षी उडतानाचे छायाचित्र हवे म्हणून ढेकूळ भिरकावतो. तुफानात भरकटून आलेल्या समुद्रपक्ष्याला अशी दहा उड्डाणे परवडत नाहीत.

शंकेखोर: सगळीकडे असेच होते असे नाही. रशियाच्या पूर्व टोकाच्या कामचटका आणि ओखोत्स्क समुद्राकडचा एक स्टेलरचा समुद्रगरुड 2020 मध्ये अलास्काच्या अंतर्भागात आणि पुढे, 2021 च्या डिसेंबरात, थेट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मॅसॅच्युसेट्स आणि मेन येथे दिसला. शेकडो लोक काठावरून त्याला पाहत होते. पंखांवरच्या पांढऱ्या खुणांची छायाचित्रे जुळवूनच हजारो किलोमीटर भटकलेला तो एकच पक्षी आहे हे कळले. सगळ्यांनी जागा लपवली असती तर ही गोष्ट कळलीच नसती.

रानवाट: नदीपलीकडच्या उंच झाडावर बसलेला सहा-सात किलोचा गरुड आणि हाताच्या अंतरावरचा दमलेला सुरय यांची तुलना करू नये.

धुरकरी: तलाव कोणता असेल याचा मला अंदाज आहे, माझे शेत त्याच भागात आहे. आपण दोघेही पक्ष्याबद्दल बोलत आहात. सध्या धानाची रोवणी चालू आहे आणि धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) चाळीस माणसे गेली की धुरा फुटतो, बांधीतले (धानाच्या वाफ्यातले) पाणी निघून जाते. तलावात मासेमारी संस्थेची जाळी असतात आणि तो बांबू बहुधा त्यांचाच. गावाला विचारून चार-पाच जण आले असते तर कोणाचीच हरकत नसती. आमच्याकडचे मासेमारी करणारे ढीवर बांधव पाण्यावरचे पाखरू आपल्यापेक्षा आधी ओळखतात, हेही जाता जाता सांगतो.

सावकाश: एक गोष्ट कोणीच विचारली नाही. पक्षी दमलेला होता, तर तो वनविभागाला का कळवला नाही? नागपुरात सेमिनरी हिल्सवर जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणारे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, आणि परवानगीशिवाय वन्य पक्षी पकडणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा असल्याने ते काम त्यांचेच आहे. आपण तीन दिवस जे मौन पाळले, त्याला पक्षी वाचवणे म्हणता येत नाही. त्याला त्याच्या नशिबावर सोडणे म्हणतात.

पाणकाठ: सावकाश यांचे बोलणे लागले, कारण ते खरे आहे. पक्षी दोनदा उडून पुन्हा बांबूवर आला, म्हणून तो सावरेल असे मी समजलो. फोन करायला हवा होता. शंकेखोर यांनी सांगितलेली मान मी नीट पाहिली नव्हती. कपाळ पांढरे होते एवढेच आठवते, म्हणून नोंद ‘सूटी किंवा ब्रायडल्ड’ अशी बदलतो. मात्र जागा सर्वांना सांगायला हवी होती, हे अजूनही पटत नाही. ओळखीतल्या दोन अनुभवी लोकांना त्याच संध्याकाळी नेले असते तर पुरले असते.

शंकेखोर: ते दोघे कोण, हे आपणच ठरवणार असाल तर आपला वाद मिटलेला नाही. पण बदललेली नोंद मला मान्य आहे.