मदत हवी आहे: नववीतली लेक आरशात बघायलाच तयार नाही

आम्ही पुण्यात धायरीला राहतो. दिवाळीनंतर लेकीचं काहीतरी बिनसलंय, शाळेतून आली की दप्तर टाकून सरळ बेडरूममध्ये, डबा तसाच परत, आणि बेसिनवरच्या आरशावर टॉवेल टाकून ठेवलाय, म्हणे मला माझं तोंड बघवत नाही. थोडे पिंपल्स आलेत, वर्गात कोणीतरी बोललं असणार. मी आधी "या वयात होतंच" म्हणून सोडून दिलं, चुकलंच माझं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर बोलले मी, फ्री आहे, मराठीतही बोलता येतं, पण लेक फोन घ्यायलाच तयार नाही. सिंहगड रोड किंवा कोथरूडला मुलांना लेक्चर न देता ऐकून घेणारी कोणी काउन्सेलर माहितीये का? आणि "मी काय वेडी आहे का" म्हणून रडणाऱ्या पोरीला तिथे न्यायचं कसं, कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.