मंडळीतील जोडप्यांसाठी गट चालवायचा आहे, पण लोक बोलतच नाहीत

अजनीकर (प्रश्न)

सर्वांना जय ख्रिस्त. आमची मंडळी, म्हणजे आमचे चर्च, साधारण साठ घरांची असून त्यांतील बरीच घरे रेल्वेत नोकरी करणाऱ्यांची किंवा तेथून निवृत्त झालेल्यांची आहेत. नाताळानंतर पाळकसाहेबांनी विवाहित जोडप्यांसाठी दरमहा एक बैठक घेण्याचे काम माझ्याकडे आणि माझ्या पत्नीकडे सोपवले. पहिल्या बैठकीला अकरा जोडपी आली होती, तिसरीला चार. बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायावर पाऊण तास प्रवचन झाले आणि नंतर ‘कोणाला काही मांडायचे आहे का’ असे विचारले, तेव्हा प्रत्येक जण हातातल्या चहाच्या कपात बघत बसला. घराघरांत ताण आहे हे आम्हाला ठाऊक आहे. कोणाचा नवरा पुण्याला नोकरीला आहे, कोणाकडे सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. तरीही बैठकीत शब्द फुटत नाही. ज्यांनी असे गट चालवले आहेत त्यांनी कृपया सांगावे की आमचे नेमके चुकते कुठे, आणि पाळकसाहेबांनी बैठकीला बसावे की बसू नये.

सदरकर

आम्ही नऊ वर्षांपासून असा गट चालवतो आणि आमची पहिली दोन वर्षे तुमच्यासारखीच गेली. नागपुरातील ख्रिस्ती समाज लहान आहे; एकाची मावशी दुसऱ्याची विहीण निघते, आणि सदरमध्ये बोललेली गोष्ट संध्याकाळपर्यंत जरीपटक्यात पोहोचते. त्यामुळे लोक देवापुढे बोलायला कचरत नाहीत, ते एकमेकांपुढे कचरतात. आम्ही सर्वांत आधी व्हॉट्सअॅपवरच्या प्रार्थनाविनंत्या बंद केल्या, कारण ‘अमुक कुटुंबातील शांतीसाठी प्रार्थना करा’ हा निरोप बातमीच असतो. पाळकसाहेब वर्षातून एकदा येतात आणि प्रार्थना करून उठतात. ते मनाने कितीही चांगले असले, तरी पुढच्या रविवारी ज्यांच्या हातून प्रभुभोजन घ्यायचे आहे त्यांच्यासमोर आपल्या घरातले भांडण उलगडायला माणूस धजावत नाही.

दुसरे म्हणजे, प्रवचनाऐवजी पैशांपासून सुरुवात करा. प्रत्येक नवऱ्याने आणि बायकोने वेगवेगळ्या चिठ्ठीवर मागच्या महिन्यातला किराणा, मुलांची फी, दशांश (मंडळीला द्यायचा मिळकतीचा दहावा भाग) आणि दोन्हीकडच्या आईवडिलांना दिलेले पैसे लिहायचे, आणि त्या चिठ्ठ्या घरी जाऊन एकमेकांना दाखवायच्या. बैठकीत वाचायच्या नाहीत. आमच्या स्वतःच्या चिठ्ठ्यांत चार हजारांचा फरक निघाला. मी धाकट्या भावाला दरमहा पैसे पाठवत होतो आणि ते घरी सांगितले नव्हते. त्या रात्री जेवण झाले नाही, पण पुढच्या बैठकीत मी हे सांगितल्यावर आणखी तिघे जण आपण होऊन बोलले. उन्हाळ्यात बैठक गच्चीवर, साडेसातनंतर ठेवा. मे महिन्यात नागपूरच्या बंद हॉलमध्ये कोणाचेच मन थाऱ्यावर राहत नाही.

वकिलीतील एक

वरील सल्ला योग्य आहे, परंतु एक मर्यादा आधीच आखून घ्या. मारहाण होत असेल तर तो गटाचा विषय राहत नाही. तिथे ‘सहन करा, क्षमा करा’ असे सांगणारी समजूतदार माणसेच अधिक नुकसान करतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाण्याचा मार्ग त्या बाईला आधी सांगा, प्रार्थना नंतरही करता येते.

आपल्या ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोटाच्या कायद्याबद्दलही पुष्कळ गैरसमज आहेत. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार पुरेसा होता, पत्नीला मात्र त्याच्या जोडीला क्रूरता किंवा त्यागासारखे आणखी कारण सिद्ध करावे लागे. हा भेद २००१ च्या दुरुस्तीने गेला आणि परस्परसंमतीचा मार्गही तेव्हाच खुला झाला. कॅथलिक बांधवांसाठी इतकेच सांगतो, की चर्चच्या न्यायासनाने विवाह शून्य ठरवला तरी दिवाणी न्यायालयाच्या हुकुमाशिवाय पुनर्विवाह कायद्याने ग्राह्य ठरत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने हे १९९६ मध्ये स्पष्ट केले आहे. या गोंधळात अडकलेले लोक माझ्याकडे येतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

मोहननगरची सूनबाई

मी तेलुगू घरातली, सासर मराठी, आणि मिस्सा, म्हणजे कॅथलिक चर्चमधली उपासना, कधी इंग्रजीत तर कधी हिंदीत. आमच्याकडे लग्नाआधीचा वर्ग असतो, तो चांगला असतो, पण खरी गरज लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात भासते आणि तेव्हा कोणी विचारत नाही. संध्याकाळची प्रार्थना कोणत्या भाषेत म्हणायची यावरून आमच्या घरी दोन महिने अबोला होता. शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला, की ज्या दिवशी जिने स्वयंपाक केला त्या दिवशी तिची भाषा.

प्रवचनाबद्दलही बोलते. ‘स्त्रियांनो, पतीच्या अधीन असा’ हे त्या अध्यायातले बाविसावे वचन आहे. त्याच्या आधीचे एकविसावे सर्वांना एकमेकांच्या अधीन व्हायला सांगते. पाऊण तासाच्या प्रवचनात ते आले होते का, हे अजनीकरांनी आठवून पाहावे. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे उदाहरण आपण आदर्श दांपत्य म्हणून देतो, पण टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि लक्ष्मीबाईंचा १९०० चा, आणि मधली काही वर्षे ती दोघे वेगळी राहिली होती, हे व्यासपीठावरून क्वचितच ऐकू येते. ते ऐकले असते तर माझ्यासारखीला पहिल्या वर्षी थोडा धीर आला असता.

अजनीकर

सर्वांचे मनापासून आभार. एकविसावे वचन आले नव्हते. प्रवचन मीच केले होते. चिठ्ठ्यांची कल्पना पत्नीला पटली आहे. आता जी सात जोडपी येईनाशी झाली, त्यांना पुन्हा कसे बोलवावे?

सदरकर

फोन किंवा निरोप नको. दोघांनी मिळून एकेका घरी जा, पहिली बैठक आमच्याकडून बिघडली असे सरळ सांगा, चहा घ्या आणि पुढच्या बैठकीची तारीख त्यांनी विचारल्याशिवाय सांगू नका.