शब्दचर्चा : उत्पन्न, नफा, घाटा आणि 'तब्बल' (बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या गावावरून)

प्रश्न (दारव्हा) : टीव्हीच्या पट्टीवर 'विमान कंपनीचं तब्बल 84 हजार कोटींचं उत्पन्न' असं आलं की पारावर त्याचं 'कंपनीनं 84 हजार कोटी कमावले' होऊन जातं. उत्पन्न, कमाई, नफा यांतला कोणता शब्द कुठं वापरावा?

हिंगणघाट : घोळ 'उत्पन्न' या शब्दापासूनच आहे, भाऊ. आपल्याकडं एकरी 8 क्विंटल कापूस झाला तरी 'उत्पन्न 8 क्विंटल' म्हणतात. ते उत्पादन. समजा तो 7,000 च्या भावानं गेला, तर 56,000 चा चुकारा हे उत्पन्न. बियाणं, खत, फवारणी, वेचाई, वावराचा मक्ता वजा जाऊन हाती उरेल तो नफा.

विमानाचंही तसंच. तिथं इंधन सगळ्यात मोठा खर्च, आणि बरीच विमानं मक्त्याच्या वावरासारखी भाड्यानं घेतलेली. 2024-25 मध्ये इंडिगोचं एकूण उत्पन्न सुमारे 84,098 कोटी रुपये होतं आणि निव्वळ नफा सुमारे 7,258 कोटी. म्हणजे 100 रुपयांमागं साडेआठच्या थोडे वर. वर्षभरात 11.8 कोटींच्या आसपास प्रवासी, म्हणजे माणशी साधारण 615 रुपये. 'तब्बल' लिहिणाऱ्यानं हा भागाकार शेजारी दिलाच पाहिजे. 'कमाई' हा शब्द लोक उत्पन्नालाही वापरतात आणि नफ्यालाही, म्हणून बातमीत तो नकोच.

मूर्तिजापूर : 'घाटा'बद्दलही बोलायला हवं. आपल्या कानाला घाटा म्हणजे आधी हरभऱ्याचा, दाण्यांचा. तोट्याला घाटा म्हणणंही बोलण्यात रुळलंय, त्याला हरकत नाही. हरकत आहे ती 'नफ्यात घट' झाली असताना 'घाटा' लिहिण्याला. इंडिगोचा नफा 2023-24 मध्ये सुमारे 8,172 कोटी होता, पुढच्या वर्षी 7,258 कोटी. ही 11 टक्के घट, पण तोट्याचा एक पैसा नाही.

प्रश्न (दारव्हा) : पण त्याच वर्षी कंपनी तोट्यात असल्याची बातमी होती ना?

मूर्तिजापूर : ती तिमाहीची. जुलै ते सप्टेंबर 2024 मध्ये सुमारे 987 कोटींचा तोटा होता. पावसाळ्यात प्रवास मंदावतो, त्यामुळं ही तिमाही पडतीची असते. ती सुट्ट्यांच्या एप्रिल-जूनशी ताडणं म्हणजे ऑगस्टातला कापसाचा गल्ला दिवाळीशी ताडणं. तुलना गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करायची. आणि वाक्यात 'तिमाही' की 'वार्षिक' हे विशेषण नसेल तर तो आकडा खरा असूनही फसवतो.

हिंगणघाट : तोट्याचेही प्रकार असतात. जुलै-सप्टेंबर 2025 मध्ये इंडिगोचा तोटा सुमारे 2,582 कोटी दिसला. चलनाचा परिणाम बाजूला काढला तर शंभर कोटींच्या आसपास नफा उरतो. विमानांच्या भाड्याची देणी डॉलरमध्ये असतात. रुपया घसरला की पुढच्या कित्येक वर्षांची देणी रुपयांत एकदम फुगतात आणि तो बोजा त्याच तिमाहीच्या हिशेबात पडतो. त्यातला बराच पैसा अजून खिशातून गेलेला नसतो. याला 'चलनफरकाचा तोटा' म्हणावं. नुसतं 'तोटा' वाचून माणूस समजतो की तिकिटं विकली गेली नाहीत.

उमरेड : लोड फॅक्टरला, म्हणजे शंभरातल्या किती खुर्च्या भरल्या त्याला, शब्द शोधायची गरज नाही. एसटीचा 'भारमान' आहेच, तोच वापरा. 180 खुर्च्यांच्या विमानात 153 प्रवासी, तर त्या फेरीचं भारमान 85 टक्के. कंपनीचं काढताना मात्र खुर्च्या गुणिले किलोमीटर धरतात, कारण लांबची फेरी आणि जवळची फेरी सारखी मोजता येत नाही. आता समजा सरासरी तिकीट 6,000 चं आणि फेरीचा खर्च साडेनऊ लाख. 153 प्रवाशांचे 9 लाख 18 हजार आले, 32 हजार अंगावर पडले. खर्च भागायला 159 प्रवासी लागतात, म्हणजे 88 टक्क्यांच्या वर. या पातळीला 'ना-नफा-ना-तोटा भारमान' म्हणता येईल. 'विमानं भरून चालली म्हणजे कंपनी जोरात' हे म्हणूनच खरं नाही.

प्रश्न (दारव्हा) : आणि 'नफा 200 टक्क्यांनी वाढला' म्हणजे दुप्पट ना?

उमरेड : नाही, तिप्पट. 100 चे 300. '200 टक्के झाला' म्हटलं तर दुप्पट. सगळा फरक त्या 'नी' प्रत्ययात आहे, आणि पट्टीत जागा वाचवताना नेमका तोच गळतो. 'तिपटीनं वाढला' तर लिहूच नये. कोणी 300 समजतो, कोणी 400. सरळ 'तिप्पट झाला' लिहावं. तसंच बाजारातला वाटा 60 वरून 63 टक्क्यांवर गेला तर वाढ 3 टक्क्यांची नाही. ती 3 टक्केबिंदूंची, म्हणजे मूळच्या 60 च्या मानानं 5 टक्के.

हिंगणघाट : 'टक्केबिंदू' पारावर कोणी बोलणार नाही, ताई. तिथं '60 वरून 63 वर गेला' एवढंच सांगावं, दोन्ही आकडे द्यावेत.

उमरेड : चालेल. छापताना टक्केबिंदू, बोलताना दोन्ही आकडे.