मदत हवी आहे : अकरावी रसायनशास्त्र, मोलच्या गणिताचे उत्तर तिप्पट कसे?

धागाकर्ती, कोथरूड
लेकीची उद्या सकाळी चाचणी आहे, कृपया लवकर सांगावे. ११.१ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइडमधील कण आम्ही ६.०२२ × १०^२२ काढले. पुस्तकातले उत्तर मात्र बरोबर तिप्पट आहे. मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलचे (६.०२२ × १०^२३ कणांचे) वस्तुमान, १११ ग्रॅम घेतले आहे. ही छपाईची चूक समजावी का?

पाषाणकर
कण कोणते मोजायचे आहेत? प्रश्नातले वाक्य जसेच्या तसे द्यावे.

निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ
माझ्या अनुभवाप्रमाणे २२.४ लिटर हा आकडा पक्का झाला, की मोलची भीती जाते. शून्य अंश सेल्सिअस तापमानाला आणि एक वातावरण दाबाला आदर्श वायूचा एक मोल एवढी जागा व्यापतो.

पाषाणकर
सर, हा क्षार स्थायू आहे, तेथे तो आकडा चालत नाही. शिवाय दाब १ बार धरला, तर तो २२.७ होतो.

निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ
दाब मी स्पष्ट लिहिला आहे. लेकीला पुढे वायूंची गणितेही येतीलच.

धागाकर्ती, कोथरूड
वायूंचे नंतर पाहू. प्रश्न असा आहे : 'एकूण आयनांची संख्या काढा.' आयन म्हणजे विद्युतभार असलेले कण ना? त्याने काय फरक पडतो?

पाषाणकर
सगळा फरक तेथेच आहे. ११.१ ग्रॅम म्हणजे ०.१ मोल, येथपर्यंत तुमचे बरोबर आहे. परंतु या क्षाराच्या प्रत्येक सूत्र-एककात (CaCl₂ या सूत्रातील एका संचात) एक कॅल्शियम आयन आणि दोन क्लोराइड आयन असल्यामुळे आयन ०.३ मोल, म्हणजे सुमारे १.८०७ × १०^२३ होतात. केवळ क्लोराइड आयन विचारले, तर १.२०४ × १०^२३ लिहावे. पुस्तक बरोबर आहे.

संशोधक विद्यार्थिनी, औंध
मी तर व्याख्येपासूनच सुरुवात करावी, असे म्हणेन. पूर्वी १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंवरून मोल ठरत असे. २० मे २०१९ पासून एका मोलात बरोबर ६.०२२१४०७६ × १०^२३ कण धरले जातात, आणि ते अणू, रेणू, आयन की इलेक्ट्रॉन, हे सांगितल्याशिवाय मोल हे एकक वापरताच येत नाही.

धागाकर्ती, कोथरूड
आता तिला समजले. प्रयोगशाळेतही ०.१ मोलसाठी ११.१ ग्रॅमच तोलायचे ना?

पाषाणकर
बाटलीवरील लेबल पाहावे. 'डायहायड्रेट' लिहिले असेल, तर प्रत्येक एककासोबत पाण्याचे दोन रेणू असतात आणि मोलर वस्तुमान १४७ होते, तेव्हा १४.७ ग्रॅम तोलावे.