केव्हीएम पॅचचा रिव्ह्यू : स्पिनलॉक घेतलेला असताना जीएफपी अ‍ॅटॉमिक वापरणे योग्य आहे का?

नमस्कार,

आमच्या लिनक्स ५.१० कर्नलमध्ये केव्हीएमला (व्हर्च्युअल मशीन चालवणारा कर्नलचा भाग) जोडलेला थोडा स्वतःचा कोड आहे. त्यातील मेमरी अ‍ॅलोकेशनच्या दुरुस्त्यांचा पॅच माझ्याकडे रिव्ह्यूला आला असून एका बदलावर माझे आणि तो लिहिणाऱ्या सहकाऱ्याचे एकमत होत नाही.

पहिला भाग मला मान्य आहे. गेस्टच्या (म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या) मेमरीच्या दर ४ केबी पानामागे ८ बाइट ठेवणारा तक्ता आम्ही केकॅलॉकने (केमॅलॉकप्रमाणेच सलग मेमरी देणारे फंक्शन) घेत होतो. म्हणजे १ जीबीच्या गेस्टला सलग २ एमबी, आणि केमॅलॉकची कमाल मर्यादा आमच्याकडे ४ एमबी असल्याने मोठे गेस्ट सुरूच होत नसत. तेथे आता केव्हीकॅलॉक आले आहे, जे सलग मेमरी न मिळाल्यास विखुरलेली पाने जोडून देते. मात्र एरर पाथवर एक जुना केफ्री (फक्त केमॅलॉकची मेमरी मोकळी करणारा) तसाच राहिला होता. सहकाऱ्याने ५१२ एमबीच्या गेस्टवर चाचणी घेतली, तेवढी मेमरी केमॅलॉककडूनच मिळाली आणि चूक निमूट खपून गेली. तो आता दोन्ही प्रकारची मेमरी मोकळी करणारा केव्हीफ्री करून घेतला आहे.

खरा प्रश्न दुसऱ्या भागाचा आहे. पेज फॉल्ट (गेस्टने अजून न जोडलेले पान वापरल्यावर येणारा) हाताळताना एमएमयू लॉक, जो या आवृत्तीत स्पिनलॉक आहे (म्हणजे तो धरून कोडला झोपता येत नाही), घेतलेला असतानाच आम्ही जीएफपी कर्नलने (गरज पडल्यास झोपून मेमरीची वाट पाहणारा पर्याय) एक छोटी नोंद अ‍ॅलोकेट करत होतो. डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप (चुकीच्या जागी झोपू शकणारा कोड पकडणारी तपासणी) चालू करताच लॉगमध्ये इशारा आला. सहकाऱ्याने जीएफपी अ‍ॅटॉमिक (न झोपता मेमरी मागणारा पर्याय) घातले आणि इशारा गेला. माझे म्हणणे असे, की होस्टवर मेमरीची चणचण असते तेव्हाच हे अ‍ॅलोकेशन फसेल, आणि फॉल्टही तेव्हाच वाढलेले असतात. केव्हीएम स्वतः लॉक घेण्याआधी टॉपअप करून कॅश भरून ठेवते व लॉकच्या आत त्यातून फक्त उचलते. आपणही तेच करावे आणि भरताना जीएफपी कर्नल अकाउंट वापरावे, म्हणजे ती मेमरी त्या व्हीएमच्या सीग्रुपच्या (प्रोसेसच्या गटाच्या मेमरीचा हिशोब व मर्यादा ठेवणारी सोय) खात्यावर पडेल. सहकारी म्हणतो, की फसले तर गेस्ट तीच इन्स्ट्रक्शन पुन्हा चालवेल, एवढ्यासाठी कॅश कशाला? मला भीती वाटते, की व्हीसीपीयू (गेस्टचा आभासी प्रोसेसर) त्याच पत्त्यावर घुटमळत राहील. असे कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे का?

दुसरे म्हणजे, फेलस्लॅब (चाचणीसाठी अ‍ॅलोकेशन मुद्दाम फसवणारी कर्नलची सोय) मूळ सेटिंगमध्ये स्लीप न होणारी अ‍ॅलोकेशनेच फसवते. कॅश भरण्याचा पाथ तपासायचा तर त्यातील इग्नोर जीएफपी वेट (झोपू शकणारी अ‍ॅलोकेशने वगळणारे सेटिंग) बंद करावे लागेल, पण मग होस्टवरील इतर कामेही फसतील. टास्क फिल्टर (निवडक प्रोसेसच फसवण्याचे सेटिंग) लावून हे फक्त गेस्ट चालवणाऱ्या क्यूईएमयूच्या प्रोसेसपुरते कोणी चालवले असल्यास कृपया पद्धत सांगावी.