ब्रोकोलीचा गड्डा लिंबाएवढाच राहतो आणि फुलतो

गच्चीबाग_पुणे
गच्चीवर 8 इंची कुंड्यांत ब्रोकोली आहे. नर्सरीतून नोव्हेंबरअखेर रोपं आणली, तेव्हाच ती उंच झालेली, मुळं ट्रेच्या भोकांतून बाहेर. आता झाड वीतभर असतानाच लिंबाएवढा गड्डा धरलाय, कळ्याही पिवळ्या पडू लागल्यात. खत वाढवलं तर मोठा होईल का?

हिरवा_वाफा
आता नाही वाढणार. कापून भाजीत घाला. मूळ कारण जुनं रोप. ब्रोकोलीचं रोप 4–5 आठवड्यांचं, 4–5 पानांचं असतानाच लावायचं. मुळं ट्रेमध्ये गुंतली की वाढ खुंटते आणि पानांचा पसारा होण्याआधीच झाड गड्डा धरतं. पोसायला पानंच नाहीत, तर तो भरणार कसा? सुरुवातीला नत्र कमी पडलं तरी हेच होतं.

पुढच्या वेळी सप्टेंबरअखेर ते मध्य ऑक्टोबर बी पेरा, म्हणजे गड्डा थंडीत भरेल. ऊन तापलं की कळ्या सुट्या होऊन फुलतात. एका कुंडीत एकच रोप. कुंडी किमान 12 इंच रुंद आणि तितकीच खोल. वाफ्यात दोन रोपांत 45 सेंमी. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, वर मूठभर निंबोळी पेंड. लागवडीनंतर तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात दोन-दोन मुठी गांडूळखत. माती एकदा कोरडी ठक्क आणि मग एकदम चिंब, असं होऊ देऊ नका.

काळी_माती
गड्डा कापा, पण झाड लगेच उपटू नका. बगलेतून फुटवे येतात; थंडी टिकली तर तेही खाण्याजोगे होतात. खत द्यायचं तर त्यांच्यासाठी द्या.

पानं उलटून बघता ना? पानावर काचेसारख्या पारदर्शक खिडक्या दिसल्या तर ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी. हिरवी, बारीक, हात लावला की वळवळत धाग्याला लोंबते. बीटी पावडर (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची) लेबलवरच्या प्रमाणात, संध्याकाळीच फवारा, कारण उन्हात ती लवकर निकामी होते. पान मेणचट असतं, पाणी ओघळून जातं. म्हणून थोडा सौम्य द्रवसाबण मिसळा.

गच्चीबाग_पुणे
कापला. देठ आतून पोकळ आहे. बोरॉन (सूक्ष्म अन्नद्रव्य) कमी पडलं का?

हिरवा_वाफा
आतला भाग तपकिरी, मऊ असेल तर शक्यता आहे. नुसता पांढरा, स्वच्छ पोकळ असेल तर बोरॉनच्या मागे लागू नका. जास्त झालं की पानांच्या कडा जळतात.