मंदीत रस्ते-पुलांवर सरकारी पैसा: २००९ च्या अमेरिकी अनुभवातून नेमके काय सिद्ध होते?

पाऊलवाट (प्रश्न)

नमस्कार. मंदी आल्यावर सरकारने कर्ज काढून रस्ते, पूल, रेल्वे, पाणीपुरवठा अशा कामांवर खर्च करावा, की कर कमी करून तो पैसा लोकांच्याच हाती राहू द्यावा, या वादात अमेरिकेच्या २००९ च्या प्रोत्साहन कायद्याचा दाखला दोन्ही बाजू देतात, आणि तो आपल्याच बाजूचा पुरावा आहे असे दोघांनाही मनापासून वाटते. १७ फेब्रुवारी २००९ रोजी बराक ओबामा यांनी सही केलेल्या या कायद्याची रक्कम ७८७ अब्ज डॉलर होती. प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन पक्षाच्या एकाही सदस्याने त्याला मत दिले नाही आणि सिनेटमध्ये त्या पक्षाचे केवळ तीन सदस्य बाजूने गेले. हा खर्च केल्यास बेरोजगारी आठ टक्क्यांच्या आसपास थांबेल, असा अंदाज ओबामांच्या आर्थिक सल्लागारांनी जानेवारीत मांडला होता; ऑक्टोबरमध्ये ती दहा टक्क्यांवर गेली. विरोधकांच्या मते निकाल तिथेच लागला. समर्थक म्हणतात की खर्च झाला नसता तर याहून वाईट दिवस आले असते. पण जे घडलेच नाही ते तपासायचे कसे, हे कोणी नीट सांगत नाही.

माझा कल खर्चाच्या बाजूने आहे, हे आधीच सांगतो. १ ऑगस्ट २००७ रोजी मिनियापोलिस शहरातला मिसिसिपी नदीवरचा महामार्गाचा पूल संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी कोसळला आणि १३ माणसे दगावली. देखभालीअभावी पूल पडत असतील आणि त्याच वेळी लाखो माणसे कामावाचून घरी बसलेली असतील, तर या दोन गोष्टींची सांगड घालणे हे सरकारचे कर्तव्यच आहे असे मला वाटते. पण मग हे इतके उघड असताना अर्थतज्ज्ञांत एकमत का नाही, आणि जपानने १९९० च्या दशकात हाच मार्ग धरूनही तिथली अर्थव्यवस्था का उभारी धरू शकली नाही, याचे उत्तर मला देता येत नाही. ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे किंवा अशा कामांवर प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांनी पक्षांची भांडणे बाजूला ठेवून लिहावे ही विनंती.

तळटीप

आठ टक्क्यांच्या अंदाजापासून सुरुवात करतो, कारण त्यावरून फार गैरसमज आहे. तो अंदाज मांडला गेला तेव्हा अर्थव्यवस्था किती घसरली आहे हे कोणालाच पुरते माहीत नव्हते. २००८ च्या शेवटच्या तिमाहीत उत्पादन वार्षिक ३.८ टक्के दराने घटले असे प्राथमिक आकडे सांगत होते. पुढे सुधारित आकडेवारी आली तेव्हा ती घट आठ टक्क्यांहून अधिक निघाली. कायद्यावर सही झाली त्या फेब्रुवारी महिन्यातच बेरोजगारीने आठ टक्क्यांची रेषा ओलांडली होती आणि तोवर कायद्यातला पैसा बाहेर पडायलाही सुरुवात झाली नव्हती. म्हणजे चुकलेल्या अंदाजावरून खड्डा किती खोल होता एवढेच कळते. टाकलेली माती उपयोगी पडली की नाही, हे त्यावरून ठरवता येत नाही.

जे घडलेच नाही ते तपासायचे कसे, हा आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याला अंशतः उत्तरही आहे. या कायद्यातला बराचसा पैसा राज्यांना आधीपासून ठरलेल्या सूत्रांनुसार वाटला गेला, आणि महामार्ग निधीसारख्या बाबींत त्या सूत्रांचा त्या त्या राज्यातल्या मंदीच्या तीव्रतेशी फारसा संबंध नव्हता. त्यामुळे ज्यांना योगायोगाने अधिक मिळाले आणि ज्यांना कमी मिळाले अशा राज्यांतल्या रोजगाराची तुलना करता येते. अशा बहुतेक अभ्यासांत परिणाम अनुकूल दिसतो. तो किती मोठा होता यावर मात्र मतभेद आहेत. अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने सरकारी खरेदीच्या एका डॉलरमागे उत्पादनात अर्ध्या डॉलरपासून अडीच डॉलरपर्यंत वाढ होऊ शकते असे मानले होते. खालच्या आणि वरच्या टोकात पाच पटींचे अंतर! राजकारण्यांना आपापल्या सोयीचे टोक धरता येते ते यामुळेच.

हे अंतर इतके मोठे असण्यामागे खरे कारण आहे. चांगल्या काळात सरकार पूल बांधायला निघाले तर त्यासाठी लागणारे गवंडी, पोलाद, सिमेंट आणि कर्जाऊ पैसा कुठल्यातरी खासगी कामावरून ओढून आणावा लागतो, व्याजदर चढतात आणि एकूण उत्पादनात फारशी भर पडत नाही. उलट डिसेंबर २००८ पासून अमेरिकी मध्यवर्ती बँकेचा दर शून्याजवळ येऊन ठेपला होता, कारखाने आणि माणसे रिकामी होती, आणि बचतीला गुंतवणुकीची वाट सापडत नव्हती. अशा वेळी सरकारने घेतलेल्या कर्जाने कोणाच्या ताटातले ओढून घेतले असे म्हणता येत नाही. तोच पूल, तोच खर्च, पण त्याचा परिणाम काळानुसार बदलतो. ‘सरकारी खर्चाने रोजगार वाढतो का’ या प्रश्नाला ‘केव्हा’ हा प्रतिप्रश्न न करता उत्तर देणारा कोणत्याही बाजूचा असो, माझा त्याच्यावर विश्वास बसत नाही.

आणखी एक गोष्ट दोन्ही बाजू विसरतात. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांना वार्षिक अर्थसंकल्प समतोल ठेवण्याचे बंधन आहे. महसूल आटला तशी राज्ये आणि शहरे हात आखडता घेऊ लागली, शिक्षक कमी झाले, कामे थांबली. केंद्राच्या खर्चातला मोठा भाग ही घट भरून काढण्यातच गेला, त्यामुळे दोन्ही मिळून सरकारी खर्चात झालेली निव्वळ वाढ ७८७ अब्जांच्या आकड्यावरून वाटते त्यापेक्षा पुष्कळ लहान होती.

काठावरून

मी या खर्चाचा विरोधक आहे आणि ‘तळटीप’ यांचा ‘केव्हा’ हा मुद्दा मान्य करूनच विरोध करतो, कारण माझा आक्षेप त्याच शब्दाशी आहे. मंदी आली हे कळायला काही महिने जातात, कायदा व्हायला काही महिने, मंजुऱ्या आणि निविदांना त्याहून अधिक. ज्या खर्चाचे सारे समर्थन वेळेवर उभे आहे तो खर्च वेळेवर पोहोचत नाही. लगेच सुरू होण्याजोगी समजलेली कामे अपेक्षेइतकी तयार नव्हती, हे २०११ मध्ये खुद्द ओबामांनी मान्य केले.

मुळात २००९ चा कायदा हा पायाभूत सुविधांचा कायदा होता असे समजणेच चुकीचे आहे. सुमारे एक तृतीयांश भाग करसवलतींचा होता, उरलेल्यातला मोठा वाटा बेकारी भत्ता, आरोग्य आणि शिक्षणासाठी राज्यांना दिलेली मदत यांत गेला. महामार्ग आणि पुलांसाठी २७.५ अब्ज डॉलर होते, म्हणजे शंभर डॉलरमागे साडेतीन. एवढ्या भागावरून पुलांच्या बाजूने किंवा विरुद्ध कोणताही निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे. जलदगती रेल्वेसाठी ठेवलेल्या आठ अब्जांचे तर राजकारणच झाले: ओहायो, विस्कॉन्सिन आणि फ्लोरिडा या राज्यांच्या नव्या रिपब्लिकन गव्हर्नरांनी २०१० आणि २०११ मध्ये आपल्या वाट्याचा निधी परत केला. पुढे मार्ग चालवण्याचा आणि वाढीव खर्चाचा बोजा राज्यावर पडेल, ही त्यांची भीती निराधार नव्हती असे माझे मत आहे.

शिवाय हा खर्च गरजूंपर्यंत जातो का? घरबांधणीचा फुगा फुटल्यामुळे सुतार, गवंडी, रंगारी बेकार झाले आणि त्यांची संख्या नेवाडा, फ्लोरिडा अशा राज्यांत सर्वाधिक होती. महामार्गाचे आधुनिक काम मोठ्या यंत्रांवर चालते, त्याला माणसे थोडी आणि वेगळ्या कौशल्याची लागतात. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा प्रकार आहे.

जपानबद्दल आपण विचारले आहे. १९९२ पासून तिथे एकामागून एक पॅकेजे जाहीर झाली. त्या काळात बांधकाम हा ग्रामीण मतदारसंघांचा आधार बनला आणि एकदा ठेकेदार, मजूर आणि लोकप्रतिनिधी यांची साखळी जमली की ‘तात्पुरता’ खर्च थांबवणे कोणाच्याही हाती राहत नाही. होन्शू आणि शिकोकू बेटांमध्ये तीन स्वतंत्र पूलमार्ग बांधले गेले. स्थापत्य म्हणून ते अद्भुत आहेत, पण वाहतूक अंदाजापेक्षा कमी राहिली आणि साठलेल्या कर्जाचा मोठा भार अखेर सरकारला उचलावा लागला. २०१० च्या सुमारास जपानचे सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीवर पोहोचले होते. समर्थक म्हणतील की १९९७ मध्ये उपभोग कर तीनवरून पाच टक्के केल्यामुळे सावरणारी अर्थव्यवस्था पुन्हा बसली, आणि त्यात तथ्य आहे. पण तो कर वाढवावा लागला त्यामागे तुटीची चिंता होतीच ना?

सेतुकार

मी पुलांच्या आराखड्यांचे काम बरीच वर्षे केले आहे, त्यामुळे अर्थशास्त्रावर न बोलता कामावर बोलतो.

प्रथम मिनियापोलिसचा पूल. हा दाखला अमेरिकेत सर्रास दिला जातो, पण तो आपल्या मुद्द्याला लागू पडत नाही. चौकशीत असे आढळले की सांध्यांवरच्या गसेट प्लेट, म्हणजे पोलादी तुळया एकमेकींना जोडणारे पत्रे, मूळ आराखड्यातच हव्या त्या जाडीच्या साधारण निम्म्या होत्या. पूल १९६७ मध्ये खुला झाला. चूक तेव्हापासून तिथेच होती आणि पुढच्या वर्षांत पुलाचे वजन वाढत गेले. कोसळला त्या दिवशी पुलावर दुरुस्तीचे काम सुरू होते आणि त्यासाठीचे साहित्य व यंत्रे वर उभी होती. देखभालीवर अधिक पैसा खर्च झाला असता तरी ही चूक सापडलीच असती असे नाही, कारण तपासणी करणारे गंज आणि तडे शोधतात, चाळीस वर्षांपूर्वीची आकडेमोड कोणी पुन्हा करत नाही. ती पुन्हा करायला लागणारा पैसा तसा किरकोळ असतो, पण तो कोणत्याही पॅकेजच्या घोषणेत दिसत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

याच ठिकाणचा नवा पूल मात्र सप्टेंबर २००८ मध्ये खुला झाला. जागा ताब्यात होती, दोन्ही बाजूंचे रस्ते होते, आराखडा आणि बांधकाम एकाच कंत्राटात दिले होते आणि लवकर पुरे केल्यास जादा रक्कम ठरली होती. ‘सरकारी कामाला वर्षे लागतातच’ हे म्हणणे त्यामुळे अर्धेच खरे आहे.

वेळ नेमका कुठे जातो ते सांगतो. नव्या मार्गावरच्या मध्यम आकाराच्या पुलासाठी आधी जमिनीत बोअर घेऊन खडक किती खोल आहे ते पाहावे लागते, आणि दोन खांबांच्या जागांत काही मीटरांचेच अंतर असताना खडकाची पातळी निराळी निघू शकते. मग पायाचा प्रकारच बदलतो. त्यानंतर जमिनीखालच्या जलवाहिन्या, वीज आणि दूरसंचार केबल यांचे नकाशे येतात, आणि प्रत्यक्षात खोदल्यावर केबल नकाशातल्या रेषेपासून हातभर बाजूला सापडते. ती हलवायची कोणी आणि कोणाच्या खर्चाने, यावर दोन खात्यांचा पत्रव्यवहार सुरू होतो. भूसंपादन आणि पर्यावरणाची परवानगी हे तर वेगळेच. यांतले एकही पाऊल मंदी आहे म्हणून गाळता येत नाही, आणि गाळूही नये.

म्हणूनच २००९ मध्ये जे घडले त्याचे मला नवल वाटले नाही. राज्यांना महामार्ग निधीतला अर्धा पैसा १२० दिवसांत कामांशी बांधायचा होता, नाहीतर तो इतरांकडे जाणार होता. इतक्या अवधीत काय तयार असते? रस्त्याचा वरचा थर खरवडून नवा डांबरी थर टाकणे. त्याला जमीन लागत नाही, बोअर लागत नाहीत. पैशाचा मोठा हिस्सा तिकडेच गेला. लोकांनी यावर टीका केली, पण मी करणार नाही, कारण वेळेवर घातलेला थर खालचा पाया वाचवतो आणि हा खर्च चुकवला तर पुढे कित्येक पट भरावा लागतो. ‘काठावरून’ यांच्या यंत्रांच्या मुद्द्याशी मात्र मी सहमत आहे. अशा कामावर माणसे फार लागत नाहीत.

पाऊलवाट

पुलाबद्दलची माहिती मला नवी होती, आभार. मग झटपट रोजगार आणि टिकाऊ बांधकाम या दोन्ही गोष्टी एकाच पैशातून मागणेच चूक आहे, असे समजायचे का? १९३० च्या दशकातल्या महामंदीत, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळात तर दोन्ही साधले असे आपण ऐकतो.

तळटीप

साधले, पण दोन निराळ्या यंत्रणांकडून, आणि हे मला त्या काळातले सर्वांत शिकण्यासारखे वाटते. जून १९३३ मध्ये ३.३ अब्ज डॉलर देऊन सार्वजनिक बांधकाम प्रशासन उभे राहिले. त्याचे प्रमुख हॅरॉल्ड इकीज प्रत्येक प्रस्ताव काटेकोरपणे तपासत. ग्रँड कूलीसारख्या धरणाला आणि न्यू यॉर्कच्या ट्रायबरो पुलाला या निधीतून पैसा मिळाला, पण पहिल्या हिवाळ्यात बेकारांच्या हाती त्यातले फार थोडे आले. तेव्हा हॅरी हॉपकिन्स यांच्याकडे एक तात्पुरती नागरी कामांची यंत्रणा दिली गेली आणि नोव्हेंबर १९३३ पासून जानेवारीपर्यंत तिने चाळीस लाखांहून अधिक माणसे कामाला लावली: रस्ते दुरुस्त करणे, गटारे खोदणे, शाळा डागडुजून रंगवणे. मार्चमध्ये ती गुंडाळलीही. पुढे १९३५ ते १९४३ या काळात हॉपकिन्स यांच्याच धर्तीवरच्या मोठ्या कार्यक्रमात सुमारे ८५ लाख लोकांनी काम केले. इकीज आणि हॉपकिन्स यांचे आपसांत पटत नसे, पण दोघांची घड्याळे वेगळी होती आणि दोन्ही लागत होती. २००९ मध्ये एकाच कायद्याकडून दोन्ही वेळा पाळण्याची अपेक्षा केली गेली.

खर्च थांबवण्याची घाईही महागात पडते. १९३७ मध्ये रूझवेल्ट यांनी तूट कमी करण्यासाठी खर्चाला कात्री लावली, त्याच सुमारास मध्यवर्ती बँकेनेही बँकांवरचे राखीव निधीचे बंधन कडक केले, आणि अर्थव्यवस्था पुन्हा मंदीत गेली.

काठावरून

हॉपकिन्स यांचे उदाहरण मला पटते, कारण ती यंत्रणा खरोखर बंद झाली. माझी अट तीच आहे: रोजगारासाठीचा खर्च बेरोजगारीच्या आकड्याशी कायद्यानेच बांधावा, म्हणजे आकडा खाली आला की तो आपोआप थांबेल आणि कोणा लोकप्रतिनिधीच्या मर्जीवर राहणार नाही. मोठी बांधकामे मात्र मंदीशी जोडूच नयेत. २०२१ चा अमेरिकी पायाभूत सुविधा कायदा तसा होता. ५५० अब्ज डॉलरचा नवा खर्च, पाच वर्षांत विभागलेला, आणि सिनेटमध्ये त्याला १९ रिपब्लिकन सदस्यांसह ६९ मते मिळाली. रोजगारनिर्मितीचा उपाय म्हणून तो मांडला असता तर मी विरोध केला असता. देशाला लागणारे पूल म्हणून मांडला तर प्रत्येक कामाचा हिशेब मागून पाठिंबा देईन.

सेतुकार

त्या हिशेबात एक रकाना वाढवावा: चांगल्या वर्षांत आराखडे, माती परीक्षण आणि भूसंपादन पुरे करून ठेवण्याचा खर्च. बांधकामाच्या मानाने तो थोडा असतो, आणि तो झालेला असेल तर मंदी आल्यावर डांबराच्या थरापलीकडचे कामही काही महिन्यांत निविदेला जाऊ शकते. अडचण अशी की तयार आराखडे कायम ताजे राहत नाहीत. बांधकामाची मानके बदलतात, परवानग्यांची मुदत संपते, शेजारी नवी इमारत उभी राहते. दर काही वर्षांनी ते पुन्हा तपासायला अभियंते नेमून ठेवावे लागतात, आणि काटकसरीच्या वर्षी सर्वांत आधी तीच पदे रिकामी ठेवली जातात.